‘रिलक्टंट’ : एका इंग्रजी शब्दाचा अर्थ व उपयोग

इंग्रजी निबंध तपासतांना ‘रिलक्टंट’ हा शब्द आमच्या दृष्टीस वारंवार पडतो. नकार, आळस, भीति या सर्वांकरितां विद्यार्थी हाच एक शब्द योजितात. तो कोठें शोभतो, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंत आहे. तेथें ‘लुक्तारि’ म्हणजे कुस्ती खेळणें, झुंजणें. त्यास ‘रे’ हा उपसर्ग लागून ‘विरुद्ध झुंजणें’ असा अर्थ झाला. मिल्टन कवीनें इ. स. १६६७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या काव्यांत, सर्परूप पावणाऱ्या सैतानाविषयीं हा शब्द योजिला आहे, तो या झगडण्याच्या अर्थानेंच. पुढें ही झुंज शरीराची न राहतां मनाची झाली.

नकार देणाऱ्याची झुंज संपलेली असते. ‘रिलक्टंट’ मनुष्याची चालू असते. आपल्या भाषेंतील ‘जिवावर येणें’ हा वाक्प्रचार यास फार जवळचा आहे. मुलीच्या शिक्षणासाठीं वडिलोपार्जित शेत विकणें बापाच्या जिवावर येतें, तरी तो तें विकतो.

पदार्थविज्ञानांतही हाच अर्थ आढळतो. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञानें इ. स. १८८८ मध्यें चुंबकीय मंडलांतील विरोधास ‘रिलक्टन्स’ हें नांव दिलें. लोखंडांतून चुंबकीय प्रवाह सहज जातो, हवेंतून मोठ्या विरोधानें जातो, परंतु जातो.

आतां उपयोग पाहूं. या शब्दापुढें ‘टु’ व क्रियापदाचें मूळ रूप येतें. जसें, ‘ही वॉज रिलक्टंट टु गो.’ यावरून तो शेवटीं गेला कीं नाहीं, हें कळत नाहीं. परंतु ‘ही वेंट रिलक्टंटली’ असें म्हटलें कीं तो नाखुषीनें कां होईना, गेला हें निश्चित. ‘रेटिसंट’ या शब्दाशींही याची गल्लत करूं नये. त्याचा अर्थ मितभाषी असा आहे.

हा भेद पालकांच्याही उपयोगाचा आहे. मुलाच्या अर्जास ‘आम्ही रिलक्टंट आहों’ असें उत्तर आल्यास तें अखेरचें समजूं नये. पुनः विनंति करण्यास बहुधा जागा असते. तसेंच, जें मूल अभ्यासास ‘रिलक्टंट’ आहे, त्यास नाठाळ म्हणून सोडूं नये. त्याचें मन अद्यापि झुंजत आहे, आणि झुंजणाऱ्यास वेळेवर दिलेला हात वायां जात नाहीं.