दगड कोसळला, लाकूड उभं राहिलं



मागे कोकणातून पुतण्याचा फोन आला. "काका, जुन्या घराच्या माजघरातले दोन खांब काढतो, हॉल मोठा होईल. दगडी भिंती दोन फूट जाड आहेत, त्यांना काय होतंय?" मी म्हटलं, "थांब रे बाबा, आधी ऐकून घे."

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तेव्हा मी त्याच घरात झोपलो होतो. वासे करकरले, कौलं खडखडली, पण घर उभं राहिलं.

पुढे 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारी हादरलं. सुमारे आठ हजार माणसं गेली. तिथल्या भिंतीही जाड दगडाच्याच, मातीत रचलेल्या, आणि वर मातीचं जड माळवद. भिंती ढासळल्या, पण कित्येक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा तसाच उभा राहिला.

असं का? दगड वरचं वजन पेलतो, पण ओढाताण सोसत नाही. जाड भिंतीत आतला आणि बाहेरचा असे दोन थर असतात, मध्ये चिपा नि माती. त्यांना जोडणारे आरपार दगड नसतील, तर हादऱ्याने थर सुटून फुगतात आणि कोसळतात. लाकूड हलकं, थोडं वाकणारं. सांधे जरा सरकतात, करकरतात, त्यातच धक्क्याचा जोर जिरतो. काश्मीरच्या जुन्या गवंड्यांनी म्हणूनच भिंतीत थराथराने आडवी लाकडं घातली. 2005 च्या भूकंपात अशी बरीच घरं तगली.

पण नुसतं लाकूड पुरत नाही. ते भिंतीशी बांधलेलं नसेल तर भिंत पडतेच, आणि माणूस तिच्याखाली सापडतो. वाळवीने खाल्लेला खांब तर नावालाच खांब.

आपल्या इस्रायलमध्येही हे घडलंय. 1837 मध्ये त्स्फातची उतारावरची दगडी घरं एकमेकांवर कोसळली होती.

पुतण्याने शेवटी इंजिनियरला बोलावलं. भिंतीत आरपार दगड बसवले, दारा-खिडक्यांच्या वर चहूबाजूंनी काँक्रीटचा पट्टा फिरवला, वाळवी लागलेला एक खांब बदलला. हॉल लहानच राहिला.

तुमचंही गावी जुनं घर असेल, तर मुलानातवंडांना एवढं सांगून ठेवा: खांबाला हात लावण्याआधी जाणत्याला विचारा.