पंधरा आकडे आणि एक फोन नंबर

चंदीगडच्या विमानतळालगत मोहालीची एयरोसिटी ही वसाहत आहे. विमानतळ शेजारी असला, तरी तिथल्या कुणाला कुत्रा घेऊन युरोपात जायचे असेल तर आधी दिल्ली गाठावी लागते. प्राण्यांचे परदेशी येणे-जाणे तपासणारी केंद्र सरकारची कार्यालये मोजक्याच शहरांत आहेत; चंदीगडकरांना जवळचे दिल्लीचे, पुणेकरांना मुंबईचे. तिथे कागदपत्रे उघडली की कुत्र्याचे नाव दुय्यम ठरते. ‘मोती’ काय, ‘ब्रूनो’ काय, गल्लीत चार सापडतील. बघितला जातो तो कातडीखालच्या चिपचा पंधरा आकडी नंबर.

चिप म्हणजे सुमारे १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड काचेची कुपी. डॉक्टर मानेमागची कातडी चिमटीत उचलतात आणि नेहमीपेक्षा जाड सुईने ती कुपी आत सोडतात. भूल लागत नाही. कुपीत बॅटरी नसते. असते तांब्याच्या तारेचे बारीक वेटोळे आणि सिलिकॉनचा कण. स्कॅनर जवळ धरला की त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वेटोळ्यात वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. तेवढ्या विजेवर चिप जागी होते, आपला नंबर सांगते आणि पुन्हा मुकी होते.

मग टोलनाक्यावरच्या फास्टॅगसारखी ती लांबून का वाचता येत नाही? फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्या लहरी पाण्याने भरलेल्या शरीरात शोषल्या जातात. चिपची वारंवारता १३४.२ किलोहर्ट्झ, म्हणजे कितीतरी कमी. मांस-कातडी तिला अडवत नाही, पण पल्ला काही सेंटिमीटरचाच. चिप कधी खांद्याकडे किंवा पुढच्या पायाकडे सरकते, म्हणून स्कॅनर अंगभर सावकाश फिरवायचा असतो. आणि हो, हे जीपीएस नव्हे. हरवलेला कुत्रा मोबाइलच्या नकाशावर दिसेल, या आशेवर राहू नका.

युरोपीय संघाच्या नियमातली एक अट भल्याभल्यांना अडवते. आधी चिप, मगच रेबीजची लस. क्रम उलटला तर ती लस धरतच नाहीत, कारण ती याच कुत्र्याला टोचली याला पुरावा काय? लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त तपासायचे आणि भारतातून जाणाऱ्यांनी त्यानंतर तीन महिने थांबायचे. तिकीट काढून मग चिपची चौकशी करणाऱ्याचा बेत इथेच फसतो.

आपल्याकडे जनावरांच्या नंबराचे अप्रूप राहिलेले नाही. गाई-म्हशींच्या कानात १२ आकडी पिवळा बिल्ला असतो आणि १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. हा बिल्ला नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो. मुंबईत जुलै २०२३ मध्ये विमानतळाबाहेरच्या २० भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोड बांधले गेले, तेही कुणाच्याही मोबाइलवर वाचता येणारे. पण पट्टा तुटतो. चिप पडत नाही, मात्र ती वाचायला स्कॅनर लागतो.

माझ्या मते खरी अडचण स्कॅनरची नाही, नोंदवहीची आहे. चिपमध्ये मालकाचे नाव नसते, पत्ता नसतो. नंबराचे पहिले तीन आकडे देशाचे किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीचे, बाकीचे त्या प्राण्याचे, इतकेच. तो नंबर कुणाचा, हे कुठेतरी लिहिलेले असावे लागते. इंग्लंडने २०१६ मध्ये कुत्र्यांना आणि जून २०२४ मध्ये मांजरांना चिप सक्तीची केली, तेव्हा नोंद अद्ययावत ठेवण्याचीही सक्ती केली. न ठेवल्यास ५०० पौंडांपर्यंत दंड. आपल्याकडे पाळीव प्राण्यांची देशभर एकच अशी सक्तीची नोंदवही नाही. सापडलेल्या कुत्र्याचा नंबर स्कॅनरवर उमटेलही, पुढे फोन कुणाला करायचा?

तेव्हा चिप बसवून घ्याल तर डॉक्टरांकडून तीन गोष्टी मागून घ्या: लसीकरणाच्या पुस्तिकेत नंबराचे स्टिकर, नोंदणी कोणाकडे झाली त्याचा कागद आणि दरवर्षी लसीच्या वेळी एकदा स्कॅन. घर किंवा मोबाइल बदललात, तर गॅसजोडणीच्या आधी ही नोंद बदला.