न्यू इकोटाच्या खुणा

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या वायव्येस, कूसावाटी आणि कोनासॉगा या नद्यांचा संगम होऊन जेथे ऊस्टानौला ही नदी सिद्ध होते, त्याच्या जवळच १८२५ साली चेरोकी राष्ट्राने न्यू इकोटा ही आपली राजधानी स्थापिली. आज तो मुलूख गॉर्डन जिल्ह्यात मोडतो. सिक्वोया या चेरोकी पुरुषाने निर्मिलेल्या लिपीत आणि इंग्रजीत छापले जाणारे ‘चेरोकी फिनिक्स’ हे वृत्तपत्र इलायस बुडिनो यांच्या संपादकत्वाखाली २१ फेब्रुवारी १८२८ रोजी येथूनच निघाले.

येथील न्यायालय आणि छापखाना या वास्तू विसाव्या शतकात नव्याने उभारलेल्या आहेत. मूळची, जागच्या जागी टिकलेली वास्तू एकच : मिशनरी सॅम्युएल वूस्टर यांचे १८२८ मधील दुमजली घर. राज्याशी इमान राखण्याची शपथ घेऊन चेरोकी भूमीत राहण्याचा परवाना मिळविण्यास नकार दिल्यामुळे त्यांना १८३१ साली चार वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली; आणि चेरोकी भूमीवर जॉर्जियाच्या कायद्यांचा अंमल चालणार नाही, असा निर्णय सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८३२ साली दिला असतानाही, त्याच वर्षी राज्याने सोडती काढून ती भूमी गोऱ्या वसाहतवाल्यांत वाटून टाकली. १८३४ साली वूस्टर यांनाही घर सोडावे लागले. ते आजवर उभे राहिले, याचे कारण नव्या मालकांनी त्यात वहिवाट चालू ठेवली हे होय. अन्यायाच्याच आश्रयाने एक साक्षीदार वाचावा, हे मला या स्थळाचे सर्वांत विदारक सत्य वाटते.

बुडिनो यांचे घर मात्र नाहीसे झाले आहे, आणि माझ्या मते प्रवाशाने अधिक काळ थांबावे ते त्याच मोकळ्या जागी. २९ डिसेंबर १८३५ रोजी तेथे, राष्ट्रप्रमुख जॉन रॉस यांची संमती नसताना, मेजर रिज आणि बुडिनो यांच्या अल्पसंख्य पक्षाने मिसिसिपीच्या पूर्वेकडील सारी चेरोकी भूमी सोडून देणाऱ्या तहनाम्यावर सह्या केल्या; सिनेटने तो जेमतेम आवश्यक तेवढ्याच बहुमताने मंजूर केला. १८३८ साली सैन्याने लोकांना घरांतून बाहेर काढले, आणि त्या सक्तीच्या स्थलांतरात हजारो जीव गेले. या तहापायीच १८३९ साली बुडिनो आणि रिज यांची स्वजनांकडून हत्या झाली. बुडिनो यांची पत्नी हॅरिएट १८३६ सालीच निवर्तली होती. तिची कबर न्यू इकोटातच आहे.

१९५४ साली उत्खनन सुरू झाले, तेव्हा मातीतून छापखान्याचे खिळे निघाले. पुढे १९६२ साली हे स्थळ जनतेस खुले झाले आणि चेरोकींविरुद्धचे जुने कायदे जॉर्जियाच्या विधिमंडळाने त्याच वर्षी रद्द केले. तोपर्यंत ते दप्तरी कायम होते.