वीणा खाली ठेवायची नाही

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं उठतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले असे कोयते टोळी करून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि फडाजवळ कोप्या घालून राहतात. मागे उरतात म्हातारी माणसं, त्यांच्यापाशी ठेवलेली लेकरं. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, माणसं परततात, आणि चैत्रात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसू लागतात.

मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा 1906 साली प्रसिद्ध झालेला निबंध वाचताना मला ही गावं आठवत राहिली. निबंध आहे उत्तर ध्रुवाकडच्या एस्किमोंवर. उन्हाळ्यात ते शिकारीसाठी पांगतात, तेव्हा त्यांचा धर्म घरापुरता उरतो. हिवाळ्यात सगळे एकत्र आले की विधी, उत्सव, कथा यांना भरती येते. मॉस स्वतः तिकडे गेला नव्हता, इतरांनी लिहून ठेवलेलं वाचून त्याने हे ताडलं. माणसं कधी पांगतात आणि कधी जमतात, यावर धर्माची नाडी चालते! बीडमध्ये ऋतू तेवढे उलटे आहेत.

जमल्यावर नेमकं काय घडतं, ते सप्ताहात जवळून दिसतं. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. या सगळ्यात एक माणूस गळ्यात वीणा घेऊन उभाच असतो. सात दिवस, रात्रंदिवस, वीणा खाली टेकवायची नाही. पहारा बदलताना दोघे वीणेकरी एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. वयाने मोठा कोण, जमीन कुणाची जास्त, हे तेव्हा कोणी बघत नाही. रात्री दोनच्या पहाऱ्याला कोण उठणार, घरटी वर्गणी किती, भाकरी कुठल्या आळीतून येणार, हे सगळं आधी ठरावं लागतं. सहा महिने विखुरलेलं गाव ते ठरवतं आणि पार पाडतं.

मॉसचा मामा एमिल दुर्खीम. माणसं एकत्र जमली की त्यांच्यात एकेकट्यात नसलेली शक्ती संचारते, आणि देव म्हणून आपण जिच्यापुढे वाकतो तिच्या मुळाशी समाजच असतो, असं त्याने 1912 च्या ग्रंथात मांडलं. माळकऱ्याला हे पटणार नाही, मलाही त्यात सगळं आलं असं वाटत नाही. पण भगवानगड या वारकरी मठाचा नारळी सप्ताह बघा. तो दरवर्षी निराळ्या गावात होतो, आणि पुढच्या वर्षीच्या गावाला नारळ दिला जातो. नारळ घेतला की त्या गावाला वर्षभर एक होऊन राहणं भागच पडतं.

एक होणारे ‘आपण’ कोण, हा प्रश्न मात्र सुटत नाही. इरावती कर्वे पंढरीच्या वारीला गेल्या, तेव्हा दिंडीत बरोबर चालणारे, गाणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगवेगळे बसतात, हे त्यांना बोचलं आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. बीडमध्ये ही जातीची रेघ आता अशा गडांभोवती दिसते. 12 ऑक्टोबर 2024 च्या दसऱ्याला नारायणगड या दुसऱ्या वारकरी मठावर मराठा आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांचा मेळावा झाला, तर भगवानगड उभारणाऱ्या भगवानबाबांच्या जन्मगावी, सावरगावात, भाजप नेत्या पंकजा मुंडे यांचा. एकीकडे मराठा आरक्षणाची मागणी, दुसरीकडे वंजारी आणि ओबीसी समाजाची ताकद. दोन्हीकडे अफाट गर्दी.

आणि या भगवानबाबांची घडण झाली ती नारायणगडावरच, माणिकबाबांच्या हाताखाली. पुढे त्यांनी तेव्हाच्या नगर जिल्ह्याच्या हद्दीत पाथर्डी तालुक्यात आपला गड उभा केला. परंपरा वारकरी, दैवत विठ्ठल, दोन्ही गडांवर तेच. चैत्रात आपल्या गळ्यातली वीणा घेणारा माणूस दसऱ्याला दुसऱ्या मेळाव्यात असू शकतो, आणि दोन्ही ठिकाणी त्याच्या अंगात संचारलेलं बळ तितकंच खरं असतं.