शेजारच्या भाषा (भाग ७) : चार तऱ्हांचे ‘आम्ही’

गोंडीतले उच्चार गेल्या आठवड्यात झाले; आता सर्वनामं आणि साधं वाक्य. नागपूर वसवणाऱ्या बख्त बुलंद राजाच्या समाजाची ही भाषा. २०११च्या जनगणनेत देशभरातल्या सुमारे ३० लाख लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. कुळ द्राविडी, म्हणजे तेलुगूच्या नात्यातली. तरी वाक्य जुळवताना मराठी माणूस अडखळत नाही, कारण क्रियापद इथेही शेवटी येतं. ‘नना नागपूरते मंतोना’ म्हणजे मी नागपुरात आहे.

‘नना’ गाळलं तरी चालतं. ‘मंतोना’ ऐकताच बोलणारा स्वतःबद्दल सांगतोय हे कळतं. ‘निमा’ म्हणजे तू, त्याचं ‘मंतोनी’. तो म्हणजे ‘वोर’, त्याचं ‘मंतोर’. ती म्हणजे ‘अद’, तिचं ‘मंता’. आणि घर, झाड, गाय यांनाही तेच ‘अद’, तेच ‘मंता’. पुरुष एका गटात, बाकी सगळं दुसऱ्या. हे ऐकून कुणी गोंड समाज बाईला वस्तू समजतो असा निष्कर्ष काढला, तर तो अन्याय होईल. तेलुगूतही एकवचनात अशीच वाटणी आहे, आणि आपण पोटच्या लेकराला ‘ते’ म्हणतो, ते काही माया कमी म्हणून नव्हे.

‘आम्ही’पाशी मात्र मेळघाटात जायला हवं. तिथली कोरकू द्राविडी नाही. ती संथाळी-मुंडारीची बहीण, मुंडा कुळातली अगदी पश्चिमेकडची भाषा. तिच्यात दोघांसाठी वेगळं वचन आहे. मी आणि तू, असे दोघे : ‘आलांग’. मी आणि दुसरा कुणी, तू नव्हे : ‘आलिंज’. तुझ्यासकट आपण सारे : ‘आबुंग’. तुला वगळून आम्ही सारे : ‘आले’. ऐकणारा आत की बाहेर, हे सांगितल्याशिवाय कोरकूत ‘आम्ही’ म्हणताच येत नाही.

वर्ध्याकडच्या कोलामी या द्राविडी भाषेचं व्याकरण भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलं. त्या भाषेतही ‘आम’ आणि ‘नेंड’ असा भेद आहे, आपल्या ‘आम्ही’ आणि ‘आपण’सारखाच. मराठीत तो द्राविडी शेजारातून आला असावा, असं अनेक भाषाभ्यासक मानतात. मला ते पटतं. नागपुरात आपण दिवसभर मराठी-हिंदी मिसळून बोलतो, म्हणून हा फरक इथे चटकन जाणवतो. ‘हम रामटेक जाएंगे’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याने डबा बांधायचा की नाही? ‘आपण रामटेकला जाऊ’ म्हटलं, की त्याला विचारावं लागत नाही.

पुढच्या आठवड्यात याच कोरकूचं क्रियापद पाहू.