हात वर होण्याआधी

भोंगवली हे भोर तालुक्यातले गाव. या तालुक्याचा बराच मुलूख ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत पंतसचिवांच्या संस्थानात होता. अष्टप्रधानांतल्या सचिवाचे मुख्य काम कागदाचे: निघणारी राजपत्रे तपासायची, मजकूर कमीजास्त असेल तो शुद्ध करायचा. सत्ता कागदावरून चालते, हे या मातीला जुनेच ठाऊक आहे. आज ते दिसते सरपंचावरच्या अविश्वास ठरावात. सदस्य तहसीलदाराकडे नोटीस देतात, तहसीलदार विशेष सभा बोलावतो आणि स्वतः अध्यक्षस्थानी बसतो. सरपंच थेट जनतेतून आलेला असेल तर मंजूर ठरावही पुढे ग्रामसभेच्या गुप्त मतदानाला सामोरा जातो. नोटीस आणि सभा यांच्या मधल्या दिवसांत सदस्यांना ‘सहली’वर नेतात, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याच गावाला समजावून सांगावे लागत नाही. माझे म्हणणे असे, की राजकीय नाटकाचा खरा ऐवज या मधल्या दिवसांत आहे. पुढाऱ्याचे चरित्र रंगवण्यापेक्षा नियम आणि माणूस यांची झटापट रंगमंचावर आणली, तर प्रेक्षकाला सत्ता कशी चालते ते कळते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: कलमे, ठराव, सभा हा मामला रुक्ष आहे, प्रेक्षक जांभया देतील. आपल्याच रंगभूमीचा पुरावा याच्या उलट आहे. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याचा कणा काय? कोतवालाची जागा रिकामी झाली आहे, हवालदाराला बढतीची आशा आहे आणि प्रधानाने आपल्या मेव्हण्याला तिथे बसवले आहे. एका नेमणुकीची ही गोष्ट दादा कोंडक्यांच्या तोंडून लोकांनी वर्षानुवर्षे डोक्यावर घेतली. दुसरा पुरावा तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात जब्बार पटेलांनी ते उभे केले, तेव्हा नेपथ्याचे सगळ्यांत मोठे काम माणसांच्या रांगेने केले. ब्राह्मणांची ती रांग गाते, डोलते, पाठ फिरवून भिंत होते, बाजूला सरून वाट देते. नाटकातला नाना फडणवीस काय करतो ते तिच्याआड झाकले जाते आणि तिच्याच फटीतून दिसते. नाना किती वाईट, एवढ्यावर हे नाटक थांबत नाही. नानाला झाकायला किती माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात, ते दाखवते. यंत्रणा अशी शरीरांतून दिसली की रुक्ष राहत नाही.

म्हणून ठरावाचा प्रवेश बसवणे हे मुख्यतः नजरा आणि हात बसवण्याचे काम आहे. सभेत नऊ सदस्य असले तर पहिले चार-पाच हात कुणी मोजत नाही. जीव अडकतो तो सहाव्या-सातव्या हातात. तो हात टेबलावरून उचलला जातो, कोपरात थबकतो, नजर सरपंचाकडे जाते आणि लगेच अध्यक्षांच्या पेनाकडे वळते. तालमीत हा थबकण्याचा क्षण पुनःपुन्हा घोटावा लागतो. लांबला तर नाटकी वाटतो, आखूड झाला तर निकाल आधीच ठरला होता असे भासते. संवाद त्या क्षणाला मदत करत नाही. कागदाची सळसळ, खुर्ची सरकल्याचा आवाज आणि मोजणाऱ्याचा स्वर एवढे पुरते.

असे थबकवणारे क्षण गावापुरते नाहीत; युद्धोत्तर जपानच्या राजकारणातही ते सापडतात. ३ मे १९४७ रोजी नवी राज्यघटना अमलात आली आणि सहा वर्षांच्या आत, २८ फेब्रुवारी १९५३ रोजी, पंतप्रधान शिगेरू योशिदा अर्थसंकल्प समितीत एका विरोधी सदस्याला पुटपुटत ‘बाकायारो’, म्हणजे मूर्ख, म्हणाले. तो शब्द ध्वनिक्षेपकाने पकडला. पुढे अविश्वास ठराव मंजूर झाला आणि १४ मार्चला सभागृह विसर्जित झाले. आपल्याकडचे क्षण याहून कमी नाट्यमय नाहीत. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे पावणेसहाच्या सुमारास महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळीच मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत बहुमत चाचणी घ्या, गुप्त मतदान नको, थेट प्रक्षेपण करा, असे सांगितले आणि त्याच दुपारी त्या मुख्यमंत्र्यांचा राजीनामा आला. ११ मे २०२३ चा निकाल तर शोकांतिकेच्या घडणीचा आहे: २०२२ मध्ये बहुमत चाचणी घ्यायला सांगण्याचा राज्यपालांचा निर्णय न्यायालयाने चुकीचा ठरवला, पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला होता, म्हणून जुने सरकार परत आणता येत नाही असेही सांगितले. एका सहीने मागचे दार बंद झाले. नाटककाराला याहून जास्त काय हवे?

कुणी म्हणेल, हे सगळे आम्ही वाहिन्यांवर पाहिले, मग तिकीट कशाला काढायचे? वाहिनीने दाराबाहेरची गर्दी दाखवली. दारामागचा थबकलेला हात तिला दिसत नाही. तो कल्पनेने उभा करावा लागतो, आणि ते काम रंगभूमीचेच आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: गदारोळ होईल, प्रयोग बंद पाडतील. हे भय खोटे नाही. खाडिलकरांच्या १९०७ च्या ‘कीचकवध’मध्ये प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारने नाटकावर बंदी घातली. ‘घाशीराम’ही सुरुवातीच्या एकोणीस प्रयोगांनंतर ते सादर करणाऱ्या संस्थेने थांबवले. पण कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि नाटक पुन्हा उभे राहून १९८० मध्ये युरोपात जाऊन आले. शिवाय कार्यपद्धतीच्या नाटकाला कुणाचे नाव घ्यायची गरजच नसते. हात कुणाचा, याहून तो का थबकला, हा प्रश्न मोठा आहे.

त्या प्रश्नाचे जाणकार प्रेक्षक गावोगाव आहेत. नोटीस, सहल, विशेष सभा हे शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. लेखकांना विनंती एवढीच: राजवाड्यातून जरा बाहेर या. ग्रामपंचायतीच्या खोलीतले एक टेबल, नऊ खुर्च्या आणि एक ठराव घेऊन नाटक लिहा, आणि त्याचा पहिला प्रयोग शहरातल्या नाट्यगृहाऐवजी भोंगवलीसारख्या गावात लावा. सातवा हात खरा की खोटा, हे तिथला प्रेक्षक अचूक सांगेल.