बॅटरीचा स्थानबदल (जुन्या जीप-प्रकारच्या गाड्या)

बॅटरीचा स्थानबदल म्हणजे मोटारगाडीतील शिसे-आम्ल बॅटरी उत्पादकाने ठरवून दिलेल्या जागेवरून, बहुधा बॉनेटखालून, काढून आसनाखाली, मागच्या हौद्यात किंवा चासीलगत बसविणे. विलीज व महिंद्रा जीप, मारुती जिप्सी, जुनी लँड रोव्हर अशा चारही चाकांना गती देणाऱ्या गाड्यांत हा बदल केला जातो. इंजिनाची उष्णता टाळणे, बॉनेटखाली जागा मोकळी करणे, दुसरी बॅटरी बसविणे आणि नाले ओलांडताना बॅटरी उंचावर ठेवणे ही त्याची नेहमीची कारणे होत. महाराष्ट्रातील चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत यांपैकी पहिल्या कारणाला विशेष महत्त्व येते.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी जीपची विद्युत यंत्रणा ६ व्होल्टची होती. तिची बॅटरी बॉनेटखाली इंजिनाशेजारी असे आणि पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली. बॅटरी बसली नाही तरी गाडीला हँडल मारता येत असे, ही त्या काळची मोठी सोय होती. महिंद्रा कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस भारतात विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे आलेल्या सीजे-३बी या प्रतिरूपाचे बॉनेट उंच इंजिनासाठी मुद्दाम उंच केलेले होते. १२ व्होल्टची यंत्रणा रूढ झाल्यावर तेवढ्याच शक्तीसाठी निम्मा विद्युतप्रवाह पुरू लागला आणि तारा तुलनेने बारीक झाल्या.

मारुती जिप्सी १९८५ मध्ये बाजारात आली. सुझुकीच्या एसजे-४१० या गाडीवर ती आधारलेली होती. प्रारंभी तिचे इंजिन ९७० घन सेंटिमीटरचे होते व १९९० च्या दशकात ते १,२९८ घन सेंटिमीटरचे झाले. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातील पर्यटनात उघड्या टपाची जिप्सी जवळजवळ समानार्थी शब्द बनली. तिचीही बॅटरी बॉनेटखालीच असते. याउलट लँड रोव्हर डिफेंडरमध्ये उत्पादकानेच बॅटरी पुढच्या आसनाखालील पेटीत ठेवली आहे. त्यामुळे आसनाखालची जागा ही हौशी कारागिरांची कल्पना नव्हे. फरक एवढाच, की डिफेंडरची पेटी, तारा आणि अर्थजोडणी त्या जागेसाठीच आखलेल्या आहेत.

उष्णता आणि जंगलातील वापर

चंद्रपूर हे देशातील अतिउष्ण शहरांपैकी एक असून मे महिन्यात तेथील तापमान ४७ अंश सेल्सियसच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. शिसे-आम्ल बॅटरीतील रासायनिक क्रिया तापमानाबरोबर वेगवान होतात. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य सुमारे निम्मे होते, असा ढोबळ आडाखा आहे. धन पट्ट्यांची जाळी गंजते, पाणी उडून जाते आणि पट्ट्या उघड्या पडतात. थंड प्रदेशात बॅटरी हिवाळ्यात दगा देते. विदर्भात ती उन्हाळ्यात झिजते आणि पुढे केव्हातरी, बहुधा चालकाला अपेक्षा नसताना, मान टाकते.

सफारीच्या गाडीचा दिनक्रम ही झीज वाढवितो. गाडी मंद वेगाने फिरते, त्यामुळे अल्टरनेटरकडून भरणा कमी होतो. पाणवठ्याजवळ वाघाची वाट पाहताना इंजिन बंद केले जाते. इंजिन बंद होताच पंखा व वाऱ्याचा झोत दोन्ही थांबतात आणि तापलेल्या धातूतील उष्णता बॉनेटखाली साचू लागते. म्हणजे चालत्या गाडीपेक्षा नुकत्याच थांबलेल्या गाडीत बॅटरीला अधिक चटका बसतो. त्यानंतर थोड्याच वेळात सेल्फ मारायचा असतो, आणि एका फेरीत असे अनेकदा घडते.

येथे गाडी सुरू न होणे ही केवळ गैरसोय नसते. व्याघ्र प्रकल्पात पर्यटकांना गाडीतून उतरण्यास मनाई आहे, त्यामुळे धक्का मारण्याचा सर्वपरिचित उपाय हाताशी राहत नाही. इंधन-अंतःक्षेपण असलेल्या नंतरच्या जिप्सीत इंधनपंप व नियंत्रक यांनाही पुरेसा विद्युतदाब लागतो. बॅटरी पूर्ण बसली असेल तर धक्क्याचाही उपयोग होत नाही. गडचिरोलीत, जिथे दोन-तृतीयांशाहून अधिक भूभाग वनाखाली आहे, भामरागड किंवा एटापल्लीच्या वाटेवर बंद पडलेल्या गाडीला पुढच्या गाडीची बरीच वाट पाहावी लागू शकते.

तरीही उष्णतेवरचा पहिला उपाय स्थानबदल हा नव्हे. बॅटरी व सायलेन्सरचा नळ यांच्यामध्ये पत्र्याचा आडपडदा लावणे, अग्रे घासून स्वच्छ करणे, जुनी अर्थपट्टी बदलणे आणि डिस्टिल्ड पाण्याची पातळी राखणे, एवढ्यावर बहुतेक गाड्यांचे काम भागते. हे करूनही बॅटरी लवकर जात असेल, अथवा वायरलेस संच वा दिव्यांसाठी दुसरी बॅटरी हवी असेल, तरच स्थानबदलाचा विचार सयुक्तिक ठरतो.

पाणी

पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क पावसाळ्यात वारंवार तुटतो, आणि लहान नाले तर जिल्हाभर आडवे येतात. मात्र पाण्यासाठी बॅटरी हलविण्याचे समर्थन दुबळे आहे. १२ व्होल्टच्या दाबाने गोड्या पाण्यातून फारच थोडा प्रवाह वाहतो. पाण्यामुळे गाडी बंद पडते ती मुख्यतः प्रज्वलन यंत्रणा भिजल्याने किंवा हवेच्या वाटेने पाणी इंजिनात शिरल्याने. चासीच्या कडेला खाली टांगलेली बॅटरी तर मूळ जागेपेक्षा अधिक वेळा गाळात बुडते. वाहत्या पाण्यात गाडी नेणे मुळातच धोक्याचे आहे, आणि बॅटरीच्या जागेने तो धोका कमी होत नाही.

जागेची निवड

चालकाशेजारील आसनाखालची जागा बहुधा सर्वांत सोयीची ठरते: तार फार लांबत नाही आणि वजन दोन्ही आसांच्या मधोमध येते. विलीज घडणीच्या जीपमध्ये चालकाच्या आसनाखाली इंधनाची टाकी असल्याने बॅटरी त्या बाजूला ठेवू नये. मागच्या हौद्यात जागा भरपूर असते, पण तार लांबते आणि सामान आदळण्याचा धोका राहतो. बॅटरीचे वजन १० ते २० किलोग्रॅम असते. गाडी कलंडल्यास सुटी बॅटरी प्रवाशांवर फेकली जाते. म्हणून ती पातळ पत्र्याऐवजी चासीला किंवा मजबूत आडपट्टीला बोल्टने आवळलेल्या चौकटीत बसवितात. अग्रांवर विद्युतरोधक टोपणे हवीतच, कारण आसनाच्या लोखंडी स्प्रिंगा दबून अग्रांना टेकू शकतात.

तार, फ्यूज आणि अर्थ

स्थानबदलाचे यशापयश बॅटरीपेक्षा तारेवर ठरते. सेल्फ फिरताना शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो. २०० अँपिअर प्रवाह धरल्यास १६ चौरस मिलिमीटर छेदाच्या ३ मीटर तांब्याच्या तारेत सुमारे ०.६५ व्होल्ट दाब वाया जातो; ३५ चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच घट ०.३ व्होल्टच्या आसपास राहते. तापलेल्या तांब्याचा रोध आणखी वाढतो. डिझेल जीपचा सेल्फ पेट्रोल गाडीहून अधिक प्रवाह ओढतो, त्यामुळे तिथे तारेचा छेद त्याहून मोठा घ्यावा लागतो.

दुसरा प्रश्न संरक्षणाचा. मूळ रचनेत बॅटरीपासून सेल्फपर्यंतची तार आखूड असते आणि तिच्यावर बहुधा फ्यूज नसतो. तीच तार आसनाखालून, पत्र्यातील भोकांतून, सायलेन्सर व प्रोपेलर शाफ्टच्या शेजारून पुढे नेली की तिचे आवरण घासून चासीला टेकण्याची शक्यता अनेक पटींनी वाढते. असे झाले की बॅटरी आपली सारी शक्ती त्या एका बिंदूवर ओतते, तार लालबुंद होते आणि गाडी पेट घेते. यासाठी सेल्फचा प्रवाह पेलेल असा मोठा फ्यूज बॅटरीपासून एका वितीच्या आत बसवितात. तो सेल्फजवळ बसविल्यास मधली सगळी तार असंरक्षितच राहते. हा दोष बऱ्याच हौशी जोडण्यांत आढळतो. पत्र्यातील प्रत्येक भोकाला रबरी कडे आणि तारेला सर्वत्र संरक्षक नळी आवश्यक असते.

परतीच्या वाटेकडे सर्वांत कमी लक्ष जाते. जीपची बॉडी चासीवर रबरी गाद्यांवर टेकलेली असते, त्यामुळे बॉडीच्या पत्र्याला जोडलेली अर्थ भरवशाची नसते. ऋण तार रंग खरवडून स्वच्छ केलेल्या चासीला जोडावी लागते आणि चासीपासून इंजिनापर्यंत तितक्याच जाडीची वेगळी पट्टी द्यावी लागते. ही पट्टी कमकुवत असेल तर सेल्फचा प्रवाह चोक, अ‍ॅक्सिलरेटर किंवा स्पीडोमीटरच्या केबलमधून वाट काढतो आणि त्या केबली जळतात. लँड रोव्हरच्या १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या गाड्यांत धन टोक चासीला जोडलेले असे. अशा गाडीत फ्यूज ऋण तारेवर येतो.

काम करताना चासीला जोडलेली तार आधी काढावी व शेवटी जोडावी. मग पाना चुकून पत्र्याला टेकला तरी ठिणगी उडत नाही. त्याच तारेवर कट-ऑफ स्विच बसविल्यास आणखी एक लाभ होतो: ताडोबाचे गाभा क्षेत्र साधारणतः जुलै ते सप्टेंबर बंद असते, आणि त्या काळात उभ्या राहणाऱ्या गाडीतील बारीकसारीक प्रवाहगळती थांबते.

वायू आणि भरणा

भरणा होत असताना बॅटरीतून हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की मिश्रण पेट घेऊ शकते. उघड्या जीपमध्ये तो सहज उडून जातो, पण आसनाखालच्या बंद पेटीत साचतो. म्हणून पेटीला झाकण घट्ट बसवून वरच्या बाजूने एक नळी गाडीबाहेर काढतात, किंवा काचतंतूंच्या गादीत आम्ल शोषलेली झडपबंद बॅटरी वापरतात. ही बॅटरी बॉनेटखालच्या उष्णतेत लवकर खराब होते. स्थानबदलानंतर मात्र ती उपयुक्त ठरते.

भरण्याबाबत एक गुंतागुंत सहज नजरेतून सुटते. तापमानानुसार दाब बदलणारे नियंत्रक स्वतःच्या जागेचे तापमान पाहतात. बॅटरी शेजारी असताना दोघांचे तापमान साधारण सारखे असे. बॅटरी थंड जागी गेल्यावर इंजिनाजवळचा तापलेला नियंत्रक बॅटरीही तापली आहे असे समजून दाब कमी करतो आणि बॅटरी अर्धवट भरलेली राहते. त्यामुळे काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून थेट बॅटरीच्या अग्रांवर दाब मोजतात, तो १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान असावा. सेल्फ फिरताना दाब ९.६ व्होल्टच्या खाली उतरत असेल तर बॅटरी अशक्त आहे. बॅटरीच्या अग्रांवर दाब ठीक पण सेल्फवर बराच कमी असेल, तर दोष तारेत किंवा अर्थमध्ये शोधावा.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्र विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कडक अर्थ लावला. प्रमाणपत्रात बॅटरीच्या जागेची नोंद नसते, पण आसनसंख्येची असते. बॅटरीसाठी आसन काढल्यास प्रश्न उद्भवतो. १५ वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होत असल्याने हे बदल आता प्रामुख्याने खासगी मालकांच्या गाड्यांपुरते उरले आहेत.